त्यांना जागा नसते, वाट असते

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि सीमाभागातल्या इतर शहरांच्या नगर पथविक्रेता समित्यांचे अध्यक्ष व सदस्य यांना,

स. न. वि. वि.

टिळकवाडीत आम्ही राहतो त्या अपार्टमेंटच्या गेटवर एक पाटी आहे : 'सेल्समन, फेरीवाले व वर्गणीवाले यांना सक्त मनाई'. ती लावायचा ठराव झाला तेव्हा खाली सह्या करणाऱ्यांत मीही होतो. आणि ती पाटी ज्यांना मनाई करते त्यांच्यात मी उमेदीची बारा वर्षं काढली आहेत. माझ्या आईनं तर आयुष्यच काढलं. तेव्हा दारोदार फिरून विकणाऱ्यांच्या नोंदणीबद्दलचं हे पत्र दाराच्या आतल्या माणसाचंही आहे आणि बाहेरच्याचंही.

आधी आईचं सांगतो. आमचं घर वडगावचं, विणकराचं. वडील मागावर बसायचे आणि विकायचं काम आईकडे. लुगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती शहापूर, खासबाग, अनगोळ करत टिळकवाडीपर्यंत यायची. रोज एक पट्टा. सोमवारी कुठली गल्ली, गुरुवारी कुठली, हे घराघरातल्या बायकांना पाठ. ओट्यावर गाठोडं सोडलं की शेजारच्या चौघी जमायच्या, पदर हातावर पसरून बघायच्या, रंग जातो काय विचारायच्या आणि निम्म्या वेळा न घेताच उठायच्या. घेतलं तरी रोख कोण देणार? महिन्याच्या हप्त्यानं. आईला अक्षरओळख नव्हती. उधारीची वही होती, पण तिच्यात लिहायची ती गिऱ्हाइकंच. मराठी घरातली बाई मराठीत लिहायची, कन्नड घरातली कन्नडमध्ये, आणि संध्याकाळी मी ते आईला वाचून दाखवायचो. कन्नड पान आलं की समोरच्या घरातल्या दोस्ताला हाक मारायची. ऋणकोनं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या हिशेबावर धंदा चालायचा. दोन-तीन घरांनी पैसे बुडवले, नाही असं नाही. पण बुडवणारं घर कुठलं हे आईला ठाऊक होतं, आणि ही बाई कोण, कुणाची, कुठल्या गल्लीतली हे त्या घरालाही ठाऊक होतं.

आज त्या जागी कोण आहे? येळ्ळूरहून सकाळच्या बसनं येणारी भाजीवाली अक्का. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण. बांगड्या भरायला येणारा कासार, भंगारवाला, शेगडी दुरुस्त करणारा, चाकू-कात्रीला धार लावणारा, उन्हाळ्याच्या तोंडावर खानापूरची मडकी घेऊन येणारा. आणि यांच्याच रांगेत बॅग अडकवून, बूट घालून, गळ्यात कार्ड घालून येणारी नवी मंडळीही : पाण्याचं यंत्र, विमा, इंटरनेटचं कनेक्शन, कुठल्याशा आश्रमाची देणगी. गेटवरच्या पाटीला हे सगळे सारखेच. तुमच्या नियमांनाही ते सारखेच वाटू नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ज्याच्याखाली तुमच्या समित्या नेमल्या जातात तो पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा २०१४ साली आला, १ मे २०१४ पासून लागू झाला. त्याची व्याख्या वाचली तर रस्त्याच्या कडेला बसणाऱ्याइतकाच ठिकठिकाणी फिरून विकणाराही त्यात बसतो. विक्री प्रमाणपत्राचे जे प्रकार सांगितलेत त्यांत एका जागी बसणारा वेगळा आणि फिरता वेगळा. म्हणजे कायदा करणाऱ्यांना माझी आई दिसली होती. गडबड पुढं होते. फॉर्म भरायला बसलं की पहिला प्रश्न येतो : जागा कुठली? कुठल्या चौकात, कुठल्या दुकानासमोर, किती फूट बाय किती फूट? आमच्या येळ्ळूरच्या अक्कांना एका ऑफिसात हाच प्रश्न विचारला गेला. कुठल्या ते सांगत नाही, उगीच त्या खिडकीवरच्या माणसाची अडचण नको. अक्का म्हणाल्या, "जागा कुठली असणार बाबा, आज मंगळवार पेठ, उद्या हिंदवाडी." त्यानं फॉर्म बाजूला ठेवला. जागा ठरली की या म्हणाला.

सर्वेक्षणाचंही तेच. कायद्याप्रमाणं ते निदान पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं, आणि ते पुरं होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कुणाला हलवायचं नाही, असं कलम ३ सांगतं. चांगलं कलम आहे. पण गणती करणारा माणूस जातो कुठं? खडे बाजारात, गणपत गल्लीत, बसस्टँडच्या आसपास. तिथं बसलेले मोजून फोटो काढून तो परततो. त्याच वेळी फिरते विक्रेते कुणाच्या तरी जिन्यात भेंडी मोजून देत असतात. जो मोजलाच गेला नाही त्याला त्या संरक्षणाचा काय उपयोग? पुढं अर्ज करता येतो हे मला माहीत आहे, पण मग पुन्हा तोच फॉर्म आणि तीच 'जागा'.

कागद नसण्यानं काय होतं तेही सांगतो. सीमाभागातल्याच एका गावात, नाव घेत नाही, बाजाराच्या दिवशी गर्दी हटवताना फुटपाथवर क्षणभर टेकलेल्या एका बाईची भाजीची पाटी उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकली. ती तिथं बसणारी नव्हतीच. चुंबळ सुटली म्हणून बसली होती. पाटीत कोथिंबीर, मेथी आणि चार कणसं. ती दोन दिवस हेलपाटे घालत राहिली आणि तिसऱ्या दिवशी पाटी मिळाली तेव्हा कोथिंबिरीचा चिखल झाला होता. कायदा म्हणतो, नाशवंत माल मागितल्याच्या दिवशी परत करायचा आणि टिकणारा माल दोन कामकाजाच्या दिवसांत, ठरलेली फी घेऊन. हे मी नंतर वाचलं. तेव्हा माहीत असतं तरी मी काय केलं असतं कुणास ठाऊक. पाटी उचलणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं, हे मात्र नक्की.

आता दाराच्या आतली बाजू. आमच्या गेटवरची मनाईची पाटी उगीच लागलेली नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी दुपारी एकट्या होत्या. एक जण आला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, जिभेवर साखर. आधी पितळेचा तांब्या चकचकीत करून दाखवला, मग चांदीचं निरांजन. मग म्हणाला, आजी, पाटल्या द्या, हळदीच्या पाण्यात घालतो. पाटल्या चमकून परत आल्या आणि सोनाराकडं वजन केलं तेव्हा हलक्या भरल्या. आजींना पाटल्यांपेक्षा जास्त लागलं ते आपण इतक्या सहज फसलो याचं. महिनाभर त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. त्यानंतरच्या बैठकीत पाटीचा ठराव झाला आणि विरोधात हात वर करायची माझी हिंमत झाली नाही.

पण बघा, मनाई कुणाला झाली? तो माणूस पुन्हा येणार नव्हताच. तो एका गावात एकदाच येतो. पाटी लागली आणि बंद झाल्या त्या वीस वर्षं येणाऱ्या अक्का, ज्यांच्या पिशवीत आजी घराची किल्ली ठेवून देवळात जायच्या. ॲपवरून पिझ्झा घेऊन येणाऱ्या पोराला मात्र कुणी नावही विचारत नाही. तो लिफ्टनं थेट पाचव्या मजल्यावर जातो.

कंपनीच्या विक्रेत्यांबद्दल मी जरा अधिकारानं बोलू शकतो. वडिलांचा माग थांबला तेव्हा मीही बॅग घेतली. आधी उदबत्त्या, मग कुकर, मग पाण्याचे फिल्टर. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं : दार उघडलं की मालाचं बोलायचं नाही, पाणी मागायचं. आपल्याकडं दारात आलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत. बाई पाणी आणायला आत वळते तेवढ्यात तुम्ही उंबऱ्याच्या आत. एकदा आत आलेल्या माणसाला 'नको' म्हणायला जीभ जड होते. मी हे कितीदा केलं याचा हिशेब नाही आणि आज ते लिहिताना बरं वाटत नाही. महिन्याचं टार्गेट डोक्यावर होतं, एवढंच म्हणतो. आईनं उभ्या आयुष्यात कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता. गाठोडं ओट्यावरच सुटायचं.

म्हणून २०२१ च्या डिसेंबरात थेट विक्रीचे जे केंद्रीय नियम आले ते मला मनापासून पटले. विक्रेत्यांचं जाळं उभारून माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी ते आहेत. विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा परवानगीशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. गेल्यावर आपण कोण, कुठल्या कंपनीचे, काय विकायला आलो, हे कुणी विचारायच्या आधी स्वतःहून सांगायचं. म्हणजे पाणी मागायची युक्ती बंद. पण हे नियम आमच्या गल्लीत कुणाला माहीत आहेत? घंटा वाजली की 'वेळ ठरवली होती काय?' असं विचारायचा आपल्याला हक्क आहे, हे एका तरी घरात कुणी सांगितलंय का? घरपट्टीच्या पावतीमागं चार ओळी छापायला फार खर्च येत नाही.

हा तिढा एकट्या आपल्याच गावाचा नाही. अमेरिकेत वायोमिंग राज्यात ग्रीन रिव्हर नावाचं रेल्वेचं गाव आहे. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगारांची झोप दारावरचे विक्रेते मोडतात म्हणून १९३१ साली त्या गावानं नियम केला, बोलावल्याशिवाय दारात यायचं नाही. बघता बघता बऱ्याच गावांनी तो उचलला. पुढं ओहायोतल्या स्ट्रॅटन या खेड्यानं दारोदार जाणाऱ्या प्रत्येकाला, धर्माचा प्रचार करणाऱ्यालासुद्धा, आधी परवाना घ्यायला लावला. तो नियम २००२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं मोडीत काढला. माल विकणारा आणि मत मांडायला येणारा यांना एकच दावं लावता येत नाही, असा त्याचा मथितार्थ मी घेतो. आपल्याकडं मत मांडायला फारसं कुणी येत नाही, निवडणुकीचे पंधरा दिवस सोडले तर. पण वासुदेव येतो, पिंगळा येतो. ते काही विकत नाहीत. पिंगळा तर पहाटेच्या अंधारात येतो. तुम्ही उद्या सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी वेळ नेमलीत तर त्यात तो कधीच बसायचा नाही. त्यांना कृपा करून या सगळ्यातून वगळा. ते आता उरलेत तरी किती!

तर माझं म्हणणं एवढंच आहे. फिरत्या विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर जागा लिहू नका, वाट लिहा. कायद्याच्या व्याख्येत फिरता विक्रेता नेमून दिलेल्या क्षेत्रात फिरतो असंच म्हटलंय. ते क्षेत्र म्हणजे एक चौक असला पाहिजे असं कुठं आहे? सोमवारी पहिलं रेल्वे गेट ते मंगळवार पेठ, मंगळवारी हिंदवाडी, बुधवारी भाग्यनगर, असं लिहायला काय हरकत? ज्या गल्लीत ती बाई दहा-वीस वर्षं जातेय तिथल्या पाच घरांनी सही केली की ओळख पटली असं धरा. आईच्या वहीत गिऱ्हाइकं लिहायची, तसं. त्या पाच सह्यांना कुठल्याही झेरॉक्सपेक्षा जास्त वजन आहे.

आणि ओळखपत्र द्याल तर खरंखोटं करता येईल असं द्या. पाटल्या धुणाऱ्याच्या गळ्यातही कार्ड होतं, ते विसरू नका. कार्डावर मोठा नंबर हवा आणि तो नंबर सांगून वॉर्डातल्या ऑफिसला फोन केला की 'होय, ही बाई आमच्या यादीत आहे' असं उत्तर मिळायला हवं. कंपनीचा माणूस आला तरी तेच. त्याच्या कंपनीनं आधी त्या वॉर्डात कळवलेलं असावं, आज आमची चार माणसं अमुक गल्ल्यांत फिरणार म्हणून. देणगी गोळा करणाऱ्यांची पावतीपुस्तकं शिक्का मारून नोंदवून घ्या. गणपतीची वर्गणी हा निराळा विषय आहे, त्यात मी पडत नाही. मला याच गल्लीत राहायचंय.

फी मात्र दोघांना एक नको. कुकर विकणाऱ्या कंपनीला हजार रुपये म्हणजे चहापाणी. अक्कांच्या पाटीतली सगळी भाजी विकली तरी दिवसाचे किती सुटतात ते त्यांनाच विचारा. कागद मिळाला तर त्यांना फायदाही आहे. जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली तेव्हा पथविक्रेत्याला पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, २०२५ मध्ये ते १५ हजारांचं झालं. त्यासाठी प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. म्हणजे फॉर्मवर 'जागा' रिकामी राहिली की कर्जही अडलं. मग उरतो तो सकाळी हजार देऊन संध्याकाळी जास्तीचे मागणारा सावकार.

हद्दीचाही एक घोळ आहे, तो शहराबाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. अक्का राहतात येळ्ळूर ग्रामपंचायतीत. विकतात महानगरपालिकेच्या हद्दीत. आणि काँग्रेस रोड ओलांडून कॅम्पात गेल्या की कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्द. एका सकाळीत तीन सरकारं, आणि डोक्यावरची पाटी तीच. आजोबा सांगायचे, त्यांच्या वेळी शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडे, तरी लुगडी विकणारा एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जायचाच. कायद्यात स्थानिक संस्था म्हणून कॅन्टोन्मेंटचाही समावेश आहे. तुम्ही आणि ते एकदा एका टेबलाशी बसलात तर एकच प्रमाणपत्र दोन्हीकडं चालवून घेता येईल. राहण्याचा पत्ता शहरातलाच हवा हा आग्रह धराल तर शहराला भाजी आणून देणारे निम्मे हात बाद होतील.

भाषेचं शेवटी काढतोय, कारण आपल्याकडं ते आधी काढलं की बाकीचं कुणी वाचतच नाही. हे पत्र सीमाप्रश्नावर नाही. अक्का एका दारात "भाजी घेणार न्हवं वैनी?" म्हणतात आणि शेजारच्या दारात "काईपल्ले बेकेन्री?" धार लावणारा गोकाककडचा आहे, त्याचं मराठी ऐकून आमची नात हसते, पण व्यवहार चोख होतो. रस्त्यावर हा प्रश्न नाहीच. तो फॉर्मवर येतो. १९५६ च्या केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या निवेदनात म्हटलंय की पालिका क्षेत्रात अल्पसंख्य भाषेचे लोक १५ ते २० टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत काढावेत. बेळगाव, खानापूर, निपाणी यांना तो आकडा लागू होतो हे सांगायला गणिताची गरज नाही. कन्नड मजकूर असूच दे, तो तर हवाच. खाली मराठी छापा. आणि ओळखपत्रावर दोन्ही असणं हे मराठी विक्रेत्यापुरतं नाही. गोकाकच्या त्या धारवाल्याचं कार्ड आमच्या शेजारच्या आजींना वाचता यायला हवं ना? त्या फक्त मराठी वाचतात. आणि अक्कांचं कार्ड रामतीर्थनगरातल्या कन्नड घराला. आईच्या वहीत दोन्ही लिप्या एकाच पानावर असायच्या आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

तुमच्या समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका, असं कायदा सांगतो. पुढच्या बैठकीत एकदा इकडंतिकडं बघा. त्यांत दुकानासमोर गाडा लावणारे किती आणि चालणारे किती? चालणारा माणूस बैठकीला आला तर त्याचा त्या दिवसाचा धंदा बुडतो, म्हणून तो येत नाही आणि निवडणुकीला उभाही राहत नाही. बैठक दुपारी तीनला ठेवा. त्या वेळी पाट्या रिकाम्या झालेल्या असतात आणि येळ्ळूरची बस सुटायला वेळ असतो.

आमच्या अपार्टमेंटचं मी बघतो. पाटी काढायला बाकीचे तयार नाहीत, त्यांचंही चूक नाही. पण रोज साडेआठ ते साडेनऊ गेटच्या आतल्या कट्ट्यावर नोंद असलेल्या विक्रेत्यांना बसू द्यायचं, ज्याला हवं तो खाली उतरून घेईल, असा एक अर्ज मी कमिटीकडं दिलाय. सेक्रेटरी म्हणतात, नोंद असलेले म्हणजे कुणाकडं नोंद असलेले? त्याचं उत्तर तुमच्याकडं आहे.

सर्वेक्षणाला माणूस पाठवणार असाल तर सोमवारी पाठवा आणि नवाच्या आत पाठवा. अक्का तोवर आमच्या गेटबाहेर गुलमोहराखाली असतात. साडेनवानंतर त्या कॅम्पाच्या वाटेला लागलेल्या असतात.

आपला,
वडगावचा एक जुना फेरीवाला,
सध्या मुक्काम टिळकवाडी